शाळेची घंटा होण्याआधी हा ठराव करून घ्या

दहावीचे पेपर आटोपले. खालच्या वर्गांच्या वार्षिक परीक्षा तोंडावर आहेत. त्या झाल्या की सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांना लागलेली कुलपे थेट जूनच्या मध्यावर निघतील. मधले दिवस लग्नसराईचे. जूनमध्ये बाई हजेरी घेऊ लागतील तेव्हा आठवी-नववीच्या पटावरच्या काही नावांना ओ येणार नाही. बाई थांबतील, नाव पुन्हा पुकारतील. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळू आवाजात सांगेल, “तिचं लग्न झालं, बाई.”

हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, २० ते २४ वयाच्या स्त्रियांना त्यांचे लग्न कितव्या वर्षी झाले ते विचारले गेले. महाराष्ट्रात १८ वर्षे पुरी होण्याआधी लग्न झालेल्या निघाल्या सुमारे २२ टक्के. सोलापूर जिल्ह्यात निघाल्या सुमारे ४० टक्के. दहा जणींत चार. परभणी, बीड, धुळे यांच्या पंक्तीत आपला जिल्हा बसला आहे आणि त्याची लाज आपण सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी.

म्हणून हे आवाहन. मागणी एकच आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या शाळेत एक आणि लहान शाळांसाठी प्रत्येक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, एक, असा समाजकार्याची रीतसर पदवी घेतलेला, मुलांबरोबर काम करण्याचे प्रशिक्षण असलेला पूर्णवेळ समाजकार्यकर्ता नेमला जावा. नव्या वर्षाची पहिली घंटा होण्याआधी नेमला जावा.

आपल्या मुलांच्या शाळेवर कशाकशाचे सावट असते ते सोलापुरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पूर्व भागात, कुंभारीच्या विडी घरकुलात घरोघरी विड्या वळल्या जातात. आईच्या हजार विड्या पुऱ्या होतात त्यात लेकीचा हात असतोच. पान भिजवायचे, मापाने कातरायचे, वळलेल्या विडीला दोरा गुंडाळायचा. परीक्षेच्या आदल्या रात्रीही सूप मांडीवर असते. यंत्रमागाच्या गल्लीत मुलगा चौदाचा झाला की कांडीवर बसवायला तयार समजला जातो. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात, तर आपल्याच मंगळवेढा, सांगोला, करमाळ्याच्या कोरड्या पट्ट्यातून कोयते बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. आईबापांबरोबर मूल गेले की शाळा तुटते, आजीजवळ राहिले की त्याच्याकडे बघणारे माणूस तुटते. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी कार्ड या सोयी झाल्या, त्यांचा उपयोगही होतो. पण हमी कार्ड घेऊन निघालेले मूल पुढच्या गावच्या शाळेत खरोखर पोचले की वाटेतच उसाच्या फडात राहिले, हे बघायला कोण जाणार?

आणि सेटलमेंट. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड ठेवले त्यांची ही वस्ती. तो कायदा १९५२ मध्ये गेला. तरी वर्गात कोणाची पेन्सिल हरवली की पहिली नजर कोणाकडे वळते, हे तिथल्या मुलांना विचारून बघा. ती सांगतील.

या सगळ्याला तोंड देतो तो एकटा शिक्षक. त्याला दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. एकेका बाईंकडे चाळीस-पन्नास मुले, त्यात माहिती भरायची, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, मतदार यादीचे काम आले की ते करायचे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा जगभर चर्चा पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची झाली. पण त्या निवडीत गावातल्या मुलींच्या शंभर टक्के हजेरीचा आणि थांबलेल्या बालविवाहांचाही उल्लेख होता. माढा तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत एका शिक्षकाने हे करून दाखवले याचा अभिमान वाटतोच. पण असे गुरुजी लाखात एक मिळतात. जिल्हा परिषदेच्या अडीच हजारांहून अधिक शाळा, वर पालिकेच्या आणि खासगी संस्थांच्या. तिथल्या मुलांचे भवितव्य असा माणूस लाभण्यावर सोडून देता येणार नाही. त्यासाठी नेमलेले माणूस हवे.

बाकी सगळीकडे ते नेमलेलेच आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी ठेवणे बंधनकारक केले. गिरण्यांच्या या गावातल्या जुन्या माणसांना तो अधिकारी आठवत असेल. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाचे पद असते आणि त्याला समाजकार्याचीच पदव्युत्तर पदवी लागते. मूल कायद्याच्या कचाट्यात सापडले तर बाल न्याय मंडळावर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या शेजारी दोन समाजकार्यकर्ते बसतात. त्याचे आईबाप घटस्फोटासाठी कौटुंबिक न्यायालयात उभे राहिले तर तिथे विवाह समुपदेशक असतो. म्हणजे मूल दवाखान्यात पोचले, कोर्टात पोचले, त्याचे घर मोडले, की मग प्रशिक्षित माणूस भेटतो. ते ज्या जागी रोज पाच-सहा तास असते, जिथे हे सगळे वेळेआधी दिसू शकते, तिथे कोणी नाही.

सरकारला हे माहीत नाही असेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुप्रशिक्षित समाजकार्यकर्ते आणि समुपदेशक शाळांशी जोडले जातील, ते विद्यार्थी आणि पालकांबरोबर सतत काम करतील, वस्त्यांमध्ये फिरतील आणि शाळेच्या वयाचे प्रत्येक मूल शाळेत येते आहे, शिकते आहे याची खात्री करतील, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याला वर्षे लोटली. मग २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि संसद किंवा विधिमंडळ कायदा करेपर्यंत ती बंधनकारक राहतील असे सांगितले. त्यात आपल्या कामाचे कलम असे: ज्या संस्थेत शंभर किंवा अधिक विद्यार्थी आहेत तिथे बालकांच्या आणि किशोरांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. शंभरपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. यावर देखरेख करायला प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी.

शंभर विद्यार्थी! सोलापूर शहरातल्या कितीतरी हायस्कुलांत एकेका इयत्तेत तेवढी मुले आहेत. आपल्या मुलाच्या शाळेत ही नेमणूक झाली आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो वापरा.

न्यायालयाने तिघांपैकी कोणीही चालेल असे म्हटले आहे. त्यातला समाजकार्यकर्ता आपल्या जिल्ह्याने आधी नेमावा असे माझे ठाम मत आहे. समुपदेशकाची खोली असते, मूल त्या खोलीत आले तर मदत होते. आपल्याकडची अडचण अशी की ज्या मुलांना सर्वाधिक गरज आहे ती खोलीपर्यंतच काय, शाळेपर्यंतही पोचत नाहीत. त्यांच्या घरी जावे लागते. मन मोकळे करून देणे हा कामाचा एक भाग झाला. उरलेला भाग रेशन कार्डाशी, बापाच्या दारूशी, बंद पडलेल्या मागाशी, भावकीशी भिडण्याचा आहे, आणि समाजकार्याच्या शिक्षणात तेच शिकवले जाते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते दाखवते. विडी घरकुलातली नववीची एक मुलगी डोळ्यासमोर आणा. आठ दिवस गैरहजर. वर्गशिक्षिकेने फोन लावला, वडील म्हणाले गावाला गेलीय. एरवी गोष्ट इथेच संपते. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती आधी मागच्या सहा महिन्यांची हजेरी काढते. दिवाळीपर्यंत दांडी नाही. डिसेंबरपासून आठवड्याला एक, मग दोन. चाचणीचे गुण त्याच सुमारास घसरलेले. म्हणजे ‘गाव’ आत्ता आले, अडचण चार महिन्यांपूर्वीची आहे. मग ती घरी जाते, पण आई विड्या द्यायला कारखान्यात गेली असेल तेव्हा जात नाही. आई परतून घरी असेल ती वेळ शेजारणीकडून काढते. गेल्यावर दारातून “मुलगी शाळेत का येत नाही?” असे विचारत नाही. खाली बसते, घरच्या भाषेत, तेलुगूत बोलते, आजीची तब्येत विचारते. पहिल्या भेटीत वही काढत नाही. दुसऱ्या भेटीत आई बोलू लागते. वडिलांचा माग बंद पडलाय. आजी अंथरुणाला खिळली, तिचे करायला कोणी नाही. शाळेच्या वाटेवर दोन मुले मोटरसायकलवरून मागे येतात, हे पोरीने आईलाच सांगितले होते. आणि नात्यातून एक स्थळ आलेय, हुंडा नको म्हणतात.

चार कारणे, आणि चारही निराळ्या वाटेने सोडवायची. वाटेवरच्या पोरांसाठी पोलिसांच्या दामिनी पथकाशी बोलायचे, तेही मुलीचे नाव चौकात न जाता. त्याच वस्तीतून येणाऱ्या तिघी-चौघींना एकत्र ये-जा करायला सांगायचे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम खात्याची शिष्यवृत्ती मिळते, आईचे विडी कार्ड आणि बँक खाते बघून तो अर्ज आपण बसून भरायचा. आजीला सिव्हिलमध्ये दाखवायचे आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी फोन करून ठेवायचा. स्थळाचे बोलणे शेवटी, आणि मुलीशी एकटीने बोलल्यावर. तिला काय हवे आहे हे या घरात अजून कोणी विचारलेलेच नसते.

तारीखच ठरली असेल तर गोष्ट वेगळी. मग २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याचा आधार घ्यावा लागतो. खेड्यात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हे प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना कळवायचे. मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला, १०९८ ला, कळवायचे, बाल कल्याण समितीपुढे जायचे. लग्न थांबल्याची बातमी पेपरात येते. त्या संध्याकाळी पाहुणे निघून गेल्यावर सगळ्या घराचा राग त्या एकट्या पोरीवर निघतो, ते मात्र कोणाला दिसत नाही. समाजकार्यकर्तीचे खरे काम तिथून सुरू होते आणि मुलगी अठराची होईपर्यंत चालते. पोलीस एक दिवस येतात, अधिकारी एक दिवस येतात. तिच्या घरी दर पंधरवड्याला जाणारे कोणीतरी हवे.

दुसरे उदाहरण थोडक्यात. सहावीतला मुलगा मारामारी करतो, त्याला तीनदा शाळेबाहेर उभे केले. आईबाप उसाला गेलेले, आजी रात्री भाकरी थापू शकत नाही, मूल दुपारच्या खिचडीपर्यंत उपाशी. वर डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, म्हणून मागे बसून तो ‘लक्ष देत नाही’. कान तपासून घेतला, पुढच्या बाकावर बसवले, हंगामी वसतिगृहात नाव घातले, आणि मारामारी निम्म्यावर आली. यात चमत्कार काही नाही. कोणाला तरी हे शोधत बसायला वेळ होता, आणि कुठे शोधायचे ते ठाऊक होते, एवढेच. वडील किंवा आई वारलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिना २२५० रुपये मिळतात. त्यासाठी घरभेटीचा अहवाल आणि बाल कल्याण समितीचा आदेश लागतो. करोनाने छत्र हरवलेली किती मुले आपल्या वर्गांत बसतात! त्यांच्यापैकी कोणाचा अर्ज कुठल्या टेबलावर अडकला आहे, हे शाळेत एका तरी माणसाला माहीत हवे.

आता पात्रतेविषयी, कारण नेमणुकीची वेळ आली की सगळ्यात जास्त तडजोड इथेच होते.

समाजकार्य हे शिकून करायचे काम आहे, आणि ते शिकवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले, तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाले. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्याच संस्थेने मुलांसाठी बाल मार्गदर्शन केंद्र उघडले. मुलाचे वागणे समजून घ्यायचे तर त्याचे घर आणि शाळा दोन्ही पाहावे लागतात, हे आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. अमेरिकेत १९०६-०७ च्या सुमारास न्यूयॉर्क, बोस्टन, हार्टफर्ड या शहरांत स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या आणि त्यातून शालेय समाजकार्य उभे राहिले. आज तिथल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस अडीचशे विद्यार्थ्यांमागे एक अशी आहे. आपण एवढे मागत नाही आहोत. आपल्याला सुरुवात हवी आहे.

माणसे आणायची कुठून, हा प्रश्न सोलापूरने तरी विचारू नये. इथल्या वालचंद महाविद्यालयात समाजकार्य शिकवले जाते. टाटा संस्थेचे ग्रामीण संकुल तुळजापूरला आहे, एसटीने तासाभरावर. दर वर्षी शिकून तयार झालेली मुले-मुली पुण्या-मुंबईला किंवा कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात निघून जातात, कारण गावात त्यांच्यासाठी पद नाही.

उमेदवाराकडे काय हवे? मान्यताप्राप्त विद्यापीठाची समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू. विशेषीकरण कुटुंब व बालकल्याण किंवा वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्य असेल तर उत्तम. दोन वर्षांच्या या शिक्षणात वर्गाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला असते. विद्यार्थी आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात, शाळेत काम करतो. प्रत्येक भेटीची नोंद लिहितो. अनुभवी पर्यवेक्षक ती वाचून त्याला विचारतो, ‘इथे तू मुलाला बोलू दिलेस का? इथे तू घाईने उपदेश का केलास?’ ही शिस्त हाडात मुरायला दोन वर्षे लागतात. पदवी दूरशिक्षणाची असेल तर क्षेत्रकार्य कुठे झाले, किती झाले, कोणाच्या देखरेखीखाली झाले हे कागद मागून बघा. डॉक्टर-वकिलांसारखी सगळ्या समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद देशात अजून झालेली नाही. त्यामुळे ही पारख नेमणाऱ्यालाच करावी लागते.

कायद्याचे ज्ञान पक्के हवे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची कुणकुण लागली तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, संस्थाप्रमुखाला अधिक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर काय गुदरले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. अशा वेळी शाळेत काय घडते? मूल एका बाईंना सांगते. बाई त्याला मुख्याध्यापकांकडे नेतात, तिथे ते पुन्हा सांगते. मग संस्थेचे दोन पदाधिकारी येतात आणि शिपाई दारात उभा असताना मूल तिसऱ्यांदा सांगते. चौथ्या वेळी ते गप्प होते, किंवा “काही झालं नाही” म्हणते. इथे कोणाचाही हेतू वाईट नसतो, नुकसान मात्र कायमचे होते. मुलाला एकदाच, शांतपणे, सुचवणारे प्रश्न न विचारता कसे ऐकायचे, काय लिहून ठेवायचे, कोणाला कळवायचे आणि कोणाला अजिबात कळू द्यायचे नाही, हे शिकलेल्या माणसालाच जमते.

मुलाखत घेताना एक प्रश्न जरूर विचारा. मूल म्हणाले, “मी सांगतो, पण तुम्ही कोणाला सांगायचं नाही,” तर काय कराल? जो लगेच वचन देतो त्याला घेऊ नका. गुपित पाळीन, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला मदत मागावी लागेल, हे बोलण्याआधीच मुलाला त्याच्या भाषेत सांगतो तो माणूस योग्य. आणि भाषेचे म्हणाल तर सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड किंवा उर्दू-दखनी यांपैकी एक तरी बोलता यायला हवी. आपल्या महापालिकेच्या शाळा चार माध्यमांच्या आहेत. आईशी तिच्या भाषेत बोलता आले नाही तर घरभेट वाया जाते. पोलीस पडताळणी तर सर्वांचीच करायची, पदवी कितीही मोठी असो.

पदाऐवजी जे देऊ केले जाईल त्याला भुलू नका. एखाद्या बाईंना दोन दिवसांच्या शिबिराला पाठवून समुपदेशनाचा अतिरिक्त कार्यभार देतील. महिन्यातून एकदा बाहेरच्या पाहुण्यांचे व्याख्यान ठेवतील. २०२२ मध्ये शासनाने शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितल्या, त्या आहेत ना, असे सांगतील. समित्या हव्यातच, पण समितीची बैठक होते आणि सदस्य घरी जातात. समाजकार्याचे विद्यार्थी प्रशिक्षणार्थी म्हणून शाळेत यावेत, जरूर यावेत, पण ते एप्रिलमध्ये निघून जातात. ज्या मुलाला आधीच माणसे सोडून गेली आहेत त्याला दर वर्षी नवा चेहरा देणे क्रूरपणाचे आहे. तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर माणूस नेमलात तर तो दिवाळीपर्यंत टिकेल. आणि पूर्णवेळ माणूस मिळालाच तर त्याला ऑनलाइन माहिती भरायला, पोषण आहाराची नोंदवही लिहायला बसवू नका. त्याची अर्धी नोकरी शाळेच्या फाटकाबाहेर आहे.

आता कोणी काय करायचे ते सांगते.

पालकांनो, शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा तुम्हाला दिल्या आहेत, निम्म्या सदस्य बायका असायला हव्यात. ही सही करण्यापुरती समिती नाही. सुट्टीआधीच्या बैठकीत ठराव घ्या: ‘सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालानुसार आमच्या शाळेसाठी, किंवा केंद्रासाठी, एमएसडब्ल्यू पात्रतेचा पूर्णवेळ समाजकार्यकर्ता नवीन शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी नेमण्यात यावा.’ खाली सह्या, तारीख. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, शहरात असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाला, एक जिल्हाधिकारी कार्यालयाला. पोच घ्या. एका शाळेचा कागद फायलीत जातो, दोनशे शाळांचे कागद बैठकीच्या विषयपत्रिकेवर येतात.

सरपंचांनो, १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. आठ-दहा गावे मिळून एका केंद्रासाठी एक माणूस ठेवू शकतात.

संस्थाचालकांनो, तुमच्या शाळांचे माजी विद्यार्थी आज टॉवेल निर्यात करतात, दवाखाने चालवतात, परदेशात आहेत. रंगकाम आणि कमानींसाठी त्यांच्याकडे हात पसरता, यंदा या एका पगारासाठी पसरा. खासगी साखर कारखान्यांनी आणि मोठ्या उद्योगांनी २०१३ च्या कंपनी कायद्याखालचा सामाजिक दायित्वाचा निधी या कामाला द्यावा, पण एका वर्षापुरता देऊ नये, किमान तीन वर्षांचा करार करावा. ज्या कारखान्याच्या आवारात कोप्या पडतात त्याने तर हे आपले कर्तव्य समजावे.

जिल्हाधिकारी साहेब आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना नम्र विनंती आहे. न्यायालयाने सांगितलेल्या देखरेख समितीची बैठक सुट्टीपूर्वी घ्या, शंभर किंवा अधिक पटाच्या शाळांपैकी कुठे नेमणूक झाली आणि कुठे नाही ती यादी जाहीर करा. पैशासाठी जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव जाऊ द्या. सुरुवात सगळीकडून होणे शक्य नसेल तर पूर्व भाग, अक्कलकोट, मंगळवेढा आणि सांगोला इथून करा.

समाजकार्य शिकलेल्या तरुण मुला-मुलींनो, पद निघेल तेव्हा अर्ज करा. पगार सुरुवातीला फार नसेल. पण तुम्ही जे शिकलात त्याची या जिल्ह्याला जितकी गरज आहे तितकी क्वचित कुठे असेल.

नेमणुका जूनपर्यंत होतील अशी आशा आहे, लग्ने मात्र त्याआधी आहेत. तेव्हा या सुट्टीत वस्तीत कोणा शाळकरी मुलीची पत्रिका छापली जात असल्याचे कळले, हळदीचा मांडव दिसला, तर १०९८ वर फोन करा. तो चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत, सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहते. परीक्षेच्या निकालाने कोणी मूल खचलेले दिसले तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. शिक्षकांनो, हे दोन्ही आकडे निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकावर पेनाने लिहून द्या.